नीट (मेडिकल प्रवेशाची परीक्षा) रिपीट करतेय आणि टीबी निघाला. डॉक्टरांनी दोन महिने घरी बसवलंय. हा वेळ सत्कारणी कसा लावू?

तू लिहिलंयस की गाव विटा, सांगलीत विश्रामबागला खोली घेऊन नीट रिपीट करत होतीस. दिवाळीच्या तोंडावर ताप आणि छातीत दुखायला लागलं, फुफ्फुसाच्या आवरणात पाणी निघालं, ते काढलं, टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि आता दोन महिने घरी. शेवटी विचारलंयस, 'ताई-दादा कुणीही सांगा, पोरं पुढे चाललीत, मी या वेळेत काय करू?'

माझ्या रिपीटच्या वर्षी अगदी हेच झालं होतं, फक्त गाव तासगाव. आता मिरजेच्या गव्हर्नमेंट मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस करून इंटर्नशिप करतेय. वयाने मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते. औषधांच्या बाबतीत मात्र तुझे डॉक्टर सांगतील तेच खरं.

पहिला महिना टाइमटेबल करूच नको. सकाळी रिकाम्या पोटी वजनाप्रमाणे तीन-चार गोळ्या एकदम गिळायच्या, मग मळमळ, दुपारी ग्लानी, संध्याकाळी कणकण. यात फिजिक्समधलं रोटेशनल मोशन कुठे बसवणार? मी भिंतीला चिकटवलेलं टाइमटेबल आईने एक दिवस गुपचूप काढलं आणि त्यात बेदाणे बांधून आत्याकडे पाठवून दिले. भांडले, पण नवीन काही केलं नाही. ताप उतरला, भूक लागायला लागली की आपोआप पुस्तक हातात येतं, त्यासाठी स्वतःला ढकलावं लागत नाही.

पण नेमकं तेव्हाच एक धोका असतो. महिन्या-दीड महिन्यात इतकं बरं वाटतं की गोळ्या कशाला असं वाटायला लागतं. नेहमीच्या टीबीचा कोर्स किमान सहा महिन्यांचा: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. मधेच सोडल्या तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात आणि मग प्रकरण आणखी अवघड होऊन लांबतं. बाकी काही जमलं नाही तरी चालेल, गोळी चुकवायची नाही.

घरी पडून राहण्याने खरंच बरं होता येतं का, ही शंका आमच्या आजीला होती. तिच्या डोक्यात टीबी म्हणजे वानलेसवाडी. सांगली-मिरज रस्त्यावरच्या त्या भागाला मिरजेत मिशन हॉस्पिटल उभं करणाऱ्या डॉ. विल्यम वानलेस यांचं नाव आहे आणि तिथे टीबीचं सॅनिटोरियम होतं. औषधंच नव्हती तेव्हा मोकळी हवा, सकस खाणं आणि नुसतं पडून राहणं हाच उपचार होता. पहिलं कामाचं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं १९४३ मध्ये. पुढे १९५६ पासून मद्रासमध्ये एक मोठी तुलना झाली. शहरातल्या गरीब वस्त्यांमधले रुग्ण घेतले, काहींना सॅनिटोरियममध्ये ठेवलं, काहींना त्यांच्याच दाटीवाटीच्या घरांत, औषधं सगळ्यांना सारखी. सॅनिटोरियममधल्यांना जेवण कितीतरी चांगलं मिळत होतं. तरी वर्षाअखेरी दोन्हीकडचा निकाल जवळपास सारखा, आणि घरी राहिलेल्यांच्या कुटुंबात आजार जास्त पसरला असंही दिसलं नाही. १९५९ मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि जगभर टीबीचा उपचार घरी आला. हे आजीला सांगितल्यावर ती म्हणाली, 'मग अंडं खा की गप.' तेही बरोबरच होतं.

आता अभ्यास. तुझी रिपोर्टांची फाईल उशाशी असेल ना, ती उघड. नीटचा निम्मा पेपर बायोलॉजीचा, १८० पैकी ९० प्रश्न, ७२० पैकी ३६० गुण, आणि तुझ्या फाईलमधल्या प्रत्येक कागदाचा एक धागा एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकातल्या कुठल्या ना कुठल्या धड्यात जातो.

पाणी काढतानाचं आठव. उलटं बसवून, उशीवर हात टेकवून, पाठीत भूल दिली असेल. मला टोचताना डॉक्टर मॅडम शेजारच्या ज्युनियरला म्हणाल्या, 'खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला लागून जा.' का, ते मी घरी आल्यावर शोधलं. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला एक खाच असते, तिच्यातून शीर, धमनी आणि मज्जातंतू जातात. सुई वरच्या बरगडीच्या खालून घातली तर ती त्यांना लागेल, म्हणून खालच्या बरगडीच्या वरून. सिरिंजमध्ये कोऱ्या चहासारखं पिवळसर पाणी येत होतं. अकरावीच्या श्वसनाच्या धड्यात प्लुरा, म्हणजे फुफ्फुसाचं आवरण, दुपदरी असतो आणि मधल्या द्रवाने घर्षण कमी होतं, असं एक वाक्य आहे. मी ते पूर्वी हायलाइटरने रंगवून पुढे गेले होते. त्या दोन पदरांत एरवी जेमतेम काही मिलिलिटर द्रव असतो; माझ्या छातीत लिटरभर होता. त्या ओळीवर आता मला कुणी अडवू शकत नाही.

पाण्याचा नमुना सीबीनॅटला गेला असेल. ते मशीन म्हणजे आपल्या बायोटेक्नॉलॉजीच्या धड्यातली पीसीआर. जंतूचा डीएनए वाढवून ओळखायचा आणि त्यातच रिफाम्पिसिनला दाद देणार की नाही हेही बघायचं. रिफाम्पिसिन म्हणजे ज्याने तुझी लघवी नारिंगी होते ते. (कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असशील तर सध्या चष्मा लाव, अश्रूंनीही लेन्सवर डाग पडतात.) हे औषध जंतूच्या आरएनए पॉलिमरेजला जाऊन चिकटतं आणि ट्रान्सक्रिप्शन, म्हणजे डीएनएवरून आरएनए बनणं, बंद पाडतं. आयसोनियाझिड हे दुसरं औषध जंतूच्या पेशीभित्तिकेतलं मायकोलिक ॲसिड बनू देत नाही. सांधे दुखत असतील तर डॉक्टरांना सांग. पायराझिनामाइडने युरिक ॲसिड वाढतं, आणि युरिक ॲसिड कुठल्या धड्यात आहे ते मी सांगायला नको. एसजीपीटीचा रिपोर्ट यकृतासाठी. एक्स-रे धरून बघ, ज्या बाजूला पाणी होतं तिथला खालचा टोकदार कोपरा बोथट दिसेल.

श्वासाच्या व्यायामाला तीन चेंडूंचं ते फुंकायचं खेळणं दिलंय का? फुंकायचं नसतं खरं तर, ओढायचं असतं. त्यावर ६००, ९००, १२०० असे आकडे असतात. मी कितीतरी दिवस ते टायडल व्हॉल्यूम (साध्या एका श्वासातली हवा) ५०० मिली वगैरेंशी जुळवत बसले होते. ते आकडे आकारमानाचे नाहीत, वेगाचे आहेत, सेकंदाला किती सीसी हवा आत ओढलीस त्याचे. रेसिड्युअल व्हॉल्यूम, म्हणजे पूर्ण श्वास सोडल्यावरही आत उरणारी हवा, कुठल्याही फुंकीने का मोजता येत नाही, हे ते हातात घेऊन विचार केला की पाठ करावं लागत नाही.

असं फाईलवरून धड्याकडे जाण्यात माझी बायोलॉजीची बरीच प्रकरणं पडल्या पडल्या झाली. केमिस्ट्रीतली इनऑरगॅनिक वाचता येते. फिजिक्स टेबलाशी बसल्याशिवाय होत नाही, ते सरळ पुढे ढकल. रेकॉर्डेड लेक्चर दुप्पट स्पीडने लावून डोळे मिटून ऐकण्यात अर्थ नाही, त्याने अभ्यास झाल्यासारखं वाटतं एवढंच. आणि पूर्ण तीन तासांचा पेपर सुट्टीत सोडवू नको. ४५ मिनिटांत ४५ प्रश्न, एका वेळी एकच विषय, तोही सकाळी. नंतर झोप. वजा गुणांचा हिशेब ठेव, कारण थकलेलं डोकं तुक्के फार मारतं आणि प्रत्येक चुकीला एक गुण जातो.

तुझ्या प्रश्नाखाली कुणीतरी सुचवलंय की या काळात एखाद्या हॉस्पिटलमध्ये स्वयंसेवक म्हणून जा, प्रमाणपत्र घे, पुढे उपयोगी पडेल. हे अमेरिकेतल्या प्रीमेडच्या मुलांचं आहे. तिथे आधी चार वर्षांची पदवी, मग मेडिकल स्कूलला अर्ज, त्यात निबंध, मुलाखत, डॉक्टरांसोबत घालवलेले तास, सगळं बघतात. म्हणून तिकडे आजारपणाच्या सुट्टीतही काय केलं ते मांडता यावं लागतं. आपल्याकडे नीटचे गुण आणि कागदपत्रं, बस. तुझं एकही प्रमाणपत्र कुणी बघणार नाही. मला यात सुटका वाटते: या दोन महिन्यांत जे करशील ते कुणाला दाखवायचं नाही. वर टीबीच्या पहिल्या महिन्यात ओपीडीच्या गर्दीत जाऊन उभं राहणं हा शहाणपणाही नाही.

ओपीडीत तू जाणारच आहेस, पण पेशंट म्हणून. तिथे डोळे उघडे ठेव. मला फॉलोअपला डॉक्टर मिनिटभर काहीतरी भराभर बोलले आणि बाहेर आल्यावर आईने मला विचारलं, 'म्हणजे तिखट खायचं की नाही?' त्या मिनिटात तिखटाचा विषयही निघाला नव्हता. डॉक्टर काय बोलतात आणि बाकावर बसलेल्या माणसापर्यंत काय पोचतं, हे त्या बाकावर बसूनच कळतं. आज वॉर्डात मी कुणालाही गोळ्या समजावल्या की म्हणते, 'आता तुम्ही मला सांगा, कधी काय घ्यायचं?' ही सवय मला कॉलेजने लावलेली नाही. तूही एक वही कर. जाण्याआधी प्रश्न लिही, परत आल्यावर उत्तरं लिही, न कळलेल्यावर खूण कर.

या वर्षी परीक्षा द्यायची की नाही, हे आज ठरवू नको. तुझा कोर्स साधारण एप्रिलपर्यंत संपेल, परीक्षा बहुतेक मेच्या सुरुवातीला असते. फॉर्म निघाला की भरून टाक, निर्णय मार्चमध्ये घे. वर्षं वाया जातील असं घरात कुणी म्हणत असेल तर सांग की नीटला सध्या वयाची वरची अट नाही आणि किती वेळा द्यायची यालाही मर्यादा नाही. माझ्या बॅचला माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठी मुलं होती, त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट, कोर्स पूर्ण झाल्याचा कागद एका फाईलमध्ये जप. प्रवेशाच्या वेळी फिटनेस सर्टिफिकेट लागतंच आणि पूर्ण बरा झालेला टीबी त्याच्या आड येत नाही. क्लासला आत्ताच लेखी अर्ज आणि मेडिकल सर्टिफिकेट देऊन बॅच पुढे ढकलता येते का विचार, तोंडी बोलण्यावर राहू नको. आणि टीबीच्या रुग्णांना सकस खाण्यासाठी सरकार देतं ते नि-क्षय पोषण योजनेचे पैसे, महिन्याला १,००० रुपयांच्या हिशेबाने, तुझ्या खात्यावर येतायत का बघ. नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते. नसतील येत तर आरोग्य केंद्रात बँकेचं पासबुक दाखव, बऱ्याचदा खाते क्रमांकातच घोळ असतो.

एक गोष्ट तू प्रश्नात जाता जाता लिहिलीस, पण मला वाटतं तीच तुला जास्त सतावतेय: मैत्रिणींना काविळीचं सांगितलंयस आणि आई म्हणते टीबीचा शब्द बाहेर काढू नको, उद्या स्थळं येतील. आमच्याकडेही हेच झालं. शेजारच्या काकू खिडकीतूनच विचारपूस करायच्या. नुसत्या आवरणाच्या टीबीने सहसा कुणाला लागण होत नाही, फुफ्फुसात डाग आहे का ते तुझ्या डॉक्टरांना विचारून घे. असला तरी बहुतेकांच्या बाबतीत औषधं सुरू झाल्यावर काही आठवड्यांत लागण होण्याची भीती जवळपास संपते. आईला पुढच्या फॉलोअपला सोबत ने आणि हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकव, तुझ्या तोंडून पटणार नाही. गावभर सांगत सुटायची गरज नाही. पण खोलीत शेजारी झोपणाऱ्या मैत्रिणीला खरं सांग, तिला खोकला किंवा ताप असेल तर तिचीही तपासणी व्हायला हवी. माझी रूममेट आधी घाबरली, दोन दिवस फोन उचलला नाही, मग स्वतःच एक्स-रे काढून आली आणि तो स्वच्छ निघाल्यावर माझ्या सगळ्या नोट्स झेरॉक्स करून एसटीने तासगावला पाठवल्या.