अर्धी जमीन, अर्धे पाणी: खेकड्यांच्या टाकीत जमीन आधी उभारावी

घरात रिकामी पडून असलेल्या दोन फुटी काचेच्या टाकीत (६० × ३० × ४० सेंटिमीटर) निम्मी जमीन आणि निम्मे पाणी करून व्हँपायर खेकडे, थोडे गप्पी मासे आणि पावसाळ्यात बागेत येणारा एखादा बेडूक एकत्र ठेवता येतील का, असे आपण विचारले आहे. खेकडे ठेवता येतील, बाकीचे दोघे नकोत. बेडूक तोंडात मावेल ते गिळतो आणि हे खेकडे त्याच्या तोंडात सहज मावतात. शिवाय आपल्याकडचे बेडूक निसर्गातून पकडून घरी ठेवणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या विरोधात जाऊ शकते. गप्पींना या टाकीत पाणी उथळ पडेल आणि रात्री खेकडे त्यांच्या मागे लागतील.

खरेदीपूर्वी एक गोष्ट तपासून घ्यावी. दुकानांत लाल नांग्यांचे खेकडे गोड्या पाण्यातले म्हणून सर्रास विकले जातात, पण ते खारफुटीतले असून त्यांना मचूळ पाणी लागते. गोड्या पाण्यात ते काही महिने तग धरतात आणि मग एकेक करून मरतात. आपल्या खाडीकाठच्या खेकड्यांचेही तसेच आहे, त्यामुळे सुट्टीत कोकणातून डब्यात भरून आणलेली कुर्ली या टाकीसाठी नाही. व्हँपायर खेकडे मात्र गोड्या पाण्याचे आहेत. ते गेओसेसार्मा या प्रजातीतले (जीनस). त्यांपैकी डेनेर्ले आणि हागेन या जावा बेटावरील दोन जातींचे शास्त्रीय वर्णन २०१५ साली प्रसिद्ध झाले, म्हणजे शास्त्रात नाव मिळण्याआधीच त्या बाजारात पोहोचल्या होत्या. पाठीचे कवच जेमतेम दोन सेंटिमीटर, डोळे पिवळेधमक, आणि नावात व्हँपायर असले तरी रक्ताशी काही संबंध नाही. ते ओढ्याकाठच्या ओल्या पाचोळ्यात राहतात आणि पाण्यात थोडाच वेळ उतरतात. म्हणून निम्मे-निम्मे हा हिशेब सोडून वरून पाहता तीन चतुर्थांश जमीन आणि एक चतुर्थांश उघडे पाणी ठेवावे.

माझी पहिली टाकी जमिनीनेच बुडवली. पुढे दगडांची रांग लावून मागे माती उतरती भरली होती. दिसायला फार सुंदर होती. तीन आठवड्यांत खालून पाणी चढून माती चिखल झाली, पाणी चहासारखे तपकिरी झाले, आणि काडीने माती उकरताच कुजक्या अंड्याचा वास आला. तळाशी हवा न पोहोचल्याने ती सडत होती. त्या टाकीतले दोन खेकडे मी गमावले. तेव्हापासून मी जमीन पाण्यात ठेवत नाही, पाण्यावर उचलून धरतो.

त्यासाठी पीव्हीसी पाइपचे नऊ सेंटिमीटर उंचीचे तुकडे तळावर उभे करावेत आणि त्यांच्यावर जाड प्लास्टिकची जाळी मांडावी. पाणी आठ सेंटिमीटरच ठेवावे, म्हणजे जाळी कोरडी राहते. पाणी जमिनीखालूनही पसरत असल्याने ते सुमारे १४ लिटर भरते. तेच तळापासून माती भरली असती तर उघड्या कोपऱ्यात जेमतेम साडेतीन लिटर उरले असते. पाणी जितके जास्त तितके ते उशिरा बिघडते, हा या रचनेचा मोठा फायदा. पुढची बाजू बारीक जाळीने बंद करावी, नाहीतर खेकडे जमिनीखाली शिरून अडकतात. मागच्या कोपऱ्यात झाकणाचा एक उभा पाइप जमिनीतून थेट पाण्यापर्यंत सोडावा, म्हणजे त्यातून नळी घालून तळाचा गाळ ओढता येतो.

जाळीवर मच्छरदाणीचे कापड अंथरून आठ सेंटिमीटर मिश्रण भरावे: दोन भाग कोकोपीट, एक भाग धुतलेली वाळू, वर देशी बदामाची वाळलेली पाने. कोकोपीटमध्ये बऱ्याचदा क्षार असतात, म्हणून ते तीन-चार पाण्यांतून पिळून घ्यावे. कापडाचे टोक किंवा काथ्या कुठेही पाण्यात लोंबू देऊ नये. वातीसारखे पाणी वर चढते आणि जमीन पुन्हा चिखल होते. काठ काळ्या दगडाचा करावा आणि पाण्यातून वर यायला एक खडबडीत लाकूड तिरके टेकवावे. चिकटवायला बुरशीनाशक नसलेले साधे सिलिकॉन वापरावे, बाथरूमसाठीचे नको. व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत थांबावे.

नर्सरीतून आणलेल्या नेच्यांची आणि सिंगोनियमची मुळे माती काढून धुवावीत आणि रोपे दोन आठवडे बादलीत ठेवावीत, कारण त्यांच्यावर फवारलेले कीटकनाशक खेकड्यांनाही मारते. तांबे असलेले माशांचे औषधही या पाण्यात कधी घालू नये. नळाचे पाणी क्लोरीन काढूनच वापरावे. पाण्यात स्पंज फिल्टर चालू ठेवून चार ते सहा आठवडे टाकी प्राण्यांविना राहू द्यावी. वर काचेचे झाकण हवेच; हवेसाठी फट ठेवायची तर तिला जाळी लावावी, कारण हे खेकडे फिल्टरच्या नळीवरून चढून पळतात. तापमान २४ ते २८ अंश योग्य. एप्रिल-मे महिन्यांत टाकी खिडकीपासून दूर न्यावी.

एक नर आणि दोन-तीन माद्या घ्याव्यात. पोटाखालची घडी रुंद असेल ती मादी. कात टाकताना त्यांना कॅल्शियम लागते. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणाऱ्या समुद्रफेनाचा तुकडा मी त्यासाठी कायम ठेवतो. एकदा सकाळी दगडापाशी निपचित पडलेला खेकडा दिसला म्हणून मी तो चिमट्याने उचलला, तर हाताला काहीच वजन लागेना. पाठीमागून फाटलेली ती पोकळ कात होती, डोळ्यांच्या देठांसकट. खेकडा दोन दिवसांनी सालीखालून बाहेर आला, रंगाने फिका आणि थोडा मोठा. म्हणून मेलेला वाटणारा खेकडा लगेच काढू नये. कात असेल तर ती तिथेच राहू द्यावी, तो ती खातो.

मादीच्या पोटाखाली मोठी, मोजकी अंडी दिसू लागली की फिल्टरच्या तोंडाला बारीक स्पंज आहे ना, आणि जाळीच्या कडेला फट नाही ना, हे पाहावे. आपल्या सह्याद्रीतल्या मुठ्यांप्रमाणे (गोड्या पाण्यातल्या खेकड्यांप्रमाणे) यांचीही पिल्ले थेट छोटे खेकडे होऊनच बाहेर पडतात आणि पाचोळ्यात पांगतात.