आईने कधी सिगरेट ओढली नाही तरी लंग कॅन्सर झाला, प्रदूषणाने जीन्स बदलतात का?

तुम्ही लिहिलंय की आईने आयुष्यात सिगरेटला हात लावला नाही तरी फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला, रिपोर्टमध्ये ईजीएफआर म्युटेशन (पेशीला वाढायला सांगणाऱ्या ईजीएफआर नावाच्या जीनमधला बदल) आलं, आणि आता नातेवाईक म्हणतायत जीनचं आहे म्हणजे घराण्यातलंच, मुलींनी पण जपून राहा. आणि हे प्रदूषणाने झालं असेल का, एखाद्या टेस्टने कळेल का असं विचारलंय. मी कॅन्सरच्या पेशींवर काम करणाऱ्या लॅबमध्ये आहे, डॉक्टर नाही, तेव्हा कुठलं औषध घ्यावं ते मी सांगणार नाही, बाकी जेवढं नीट माहितीय तेवढं लिहिते.

नातेवाईकांचं बोलणं मनावर घेऊ नका. रिपोर्टमधलं म्युटेशन गाठीच्या पेशींमधलं आहे, ते आईच्या फुफ्फुसातल्या एखाद्या पेशीत मधेच कधीतरी झालं आणि त्या पेशीची पुढे गाठ झाली. ईजीएफआरचं जवळजवळ नेहमी असंच असतं, जन्मापासून असणं फारच दुर्मिळ. असं गाठीतलं म्युटेशन मुलांकडे येत नाही.

आता प्रदूषण. शरीरातल्या बहुतेक पेशींत डीएनए सारखाच, जीन्स साधारण २० हजार, पण कुठल्या पेशीत कुठला जीन किती चालू आहे म्हणजे त्याच्यावरून आरएनए आणि प्रोटीन किती बनतंय हे वेगवेगळं असतं, यालाच जीन एक्स्प्रेशन म्हणतात. म्युटेशनमध्ये पुस्तकातली अक्षरंच बदलतात, एक्स्प्रेशनमध्ये अक्षरं तीच राहतात पण कुठलं पान किती वेळा वाचलं जातं ते बदलतं. प्रदूषण दोन्ही करतं, आणि एकातून दुसरं पण होतं. धुरातलं बेन्झोपायरीन नावाचं रसायन घ्या. ते पेशीत शिरलं की एक रिसेप्टर (रसायन ओळखणारं प्रोटीन) जागा होतो आणि सीवायपी१ए१ नावाचा जीन जोरात चालू होतो, हेतू असा की त्याच्या एन्झाइमने ते रसायन शरीराबाहेर टाकायला सोपं व्हावं, पण या प्रक्रियेत मधेच जो पदार्थ तयार होतो तोच डीएनएला चिकटतो आणि म्युटेशन घडवतो. म्हणजे पेशी स्वतःला वाचवायला गेली आणि त्यातूनच नुकसान झालं.

पण तुमच्या आईसारख्या केसमध्ये मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधल्या चार्ल्स स्वॉन्टन यांच्या टीमचं काम, २०२३ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात आलं. त्यांनी कॅन्सर नसलेल्या फुफ्फुसाच्या टिशूचे नमुने तपासले तर १८ टक्के नमुन्यांत ईजीएफआरची म्युटेशन्स आधीच होती! वय वाढतं तशी अशी म्युटेशन्स आपोआप होत राहतात आणि अशा पेशी बहुतेक वेळा गप्प पडून असतात. पीएम २.५ चे म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण फुफ्फुसात गेले की मॅक्रोफेज नावाच्या रोगप्रतिकारक पेशी इंटरल्युकिन-१ बीटा हे सूज आणणारं प्रोटीन सोडतात, सूज येते, आणि त्या वातावरणात या गप्प पेशींचं एक्स्प्रेशन बदलून त्या वाढायला लागतात. उंदरांमध्ये त्यांनी हे इंटरल्युकिन अडवलं तर गाठी कमी झाल्या. आणि कणांमुळे नवीन म्युटेशन्स वाढलेली दिसली नाहीत, म्हणजे धुळीने म्युटेशन घडवायची गरजच नव्हती, असलेल्या पेशीला उठवणं पुरेसं होतं. इंग्लंड, दक्षिण कोरिया आणि तैवानच्या आकडेवारीतही जिथे पीएम २.५ जास्त तिथे ईजीएफआरवाला कॅन्सर जास्त असं दिसलं. बाहेरच्या हवेचं प्रदूषण माणसात कॅन्सर करतं हे तर आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) २०१३ मध्येच जाहीर केलंय.

मग टेस्टने कळेल का? एका पेशंटपुरतं नाही कळत. निदान होईपर्यंत गाठीतलं एक्स्प्रेशन गाठीच्या स्वतःच्या म्युटेशन्सनी, कमी ऑक्सिजनने, सूजेने, औषधांनी इतकं बदललेलं असतं की त्यातलं प्रदूषणाचं किती हे वेगळं काढता येत नाही. म्हणूनच "प्रदूषणामुळे कॅन्सर पेशंटचे इतके जीन्स बदलले" अशी बातमी दिसली की बघायचं, नमुना रक्ताचा की गाठीचा, आजाराआधी घेतला की नंतर, सिगरेटचा हिशोब वेगळा केला का. जीन एक्स्प्रेशनच्या टेस्ट असतात, ब्रेस्ट कॅन्सरमध्ये २१ जीन्सची एक वापरतात, पण ती आजार परत येण्याचा धोका आणि केमोचा उपयोग होईल का ते सांगते, कशामुळे झालं ते नाही. कारण शोधायला म्हणून टेस्टवर पैसे घालवू नका.

तुम्ही शेवटी विचारलंय की झालेले बदल परत जातात का. काही जातात. सिगरेट सोडलेल्या लोकांमध्ये एएचआरआर जीनवरच्या मिथाइलच्या खुणा (डीएनएवरच्या छोट्या रासायनिक खुणा, ज्यांच्यावर जीन किती चालू राहतो ते अवलंबून असतं) हळूहळू बऱ्याच अंशी पूर्ववत होतात. काही मात्र फार टिकतात, चिलीतल्या अँटोफगास्टा शहरात १९५८ ते १९७० पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक प्रचंड होतं, पाणी साफ केल्यावरही फुफ्फुस आणि मूत्राशयाच्या कॅन्सरचे मृत्यू कित्येक दशकं जास्तच राहिले. त्यामुळे घरातल्या लहान मुलांना धुरापासून लांब ठेवणं मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं.

आणि आईने किंवा तुम्ही काय चुकलं ते शोधत बसू नका हो, खरंच. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा म्युटेशन नेमकं कुठलं आहे, एक्सॉन १९ मधलं डिलीशन (जीनच्या त्या भागातला तुकडा गळालेला) की एल८५८आर (एकच अक्षर बदललेलं), आणि त्यासाठी टार्गेटेड म्हणजे त्या म्युटेशनवरच नेम धरणाऱ्या गोळ्या चालतील का, एवढं नक्की विचारा.