ठाण्याची खाडी पहिल्यांदा पाहताना

खाडीची सहल सुट्टीचा वार पाहून ठरवू नका. आधी भरती-ओहोटीची वेळ पाहा. जुन्या कोळी मंडळींचा हिशेब असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. म्हणजे चतुर्थीला सुमारे 3 वाजता भरती आणि त्यानंतर साधारण 6 तासांनी ओहोटी. ओहोटीला चिखल उघडा पडला, की रोहित पक्षी मान खाली घालून, चोच उलटी धरून चरताना दिसतात, आणि भरतीला त्यांतील बरेचसे नवी मुंबईतील सीवूड्सच्या पाणथळीवर विसावतात. नोव्हेंबर ते मे हा काळ मला सर्वांत चांगला वाटतो.

ही खाडी 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रात केवळ पक्ष्यांसाठी घाई करू नका; तिवराचे पान हलकेच चाटून पाहा, ते खारट लागते, कारण झाड पानावाटे मीठ बाहेर टाकते.

परतताना दिवाळे कोळीवाड्यात अवश्य थांबा, मात्र मासळी विकणाऱ्या मावशींचे छायाचित्र त्यांना विचारल्याशिवाय काढू नका. निवट्या (खाडीच्या चिखलातले छोटे मासे) कशा साफ करायच्या, हे विचारलेत तर त्या आपणहून सांगू लागतील.