जिल्हा परिषदेची शाळा कोण चालवतं, आणि मुलीला तिथे घालावं का?

तुम्ही लिहिलंय की पुण्याची नोकरी सोडून गावी परतताय, मुलगी जूनमध्ये दुसरीत जाईल आणि गावात जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे. ती शाळा नेमकं कोण चालवतं, दर्जा कसा असतो, तिथे घातलं तर मुलीचं नुकसान होईल का, हे तुमचे प्रश्न. मी २२ वर्षं अशाच शाळांत शिकवलं आणि गेली चार वर्षं केंद्रप्रमुख म्हणून काम करते. एका डोंगरी तालुक्यातल्या ११ शाळा माझ्याकडे आहेत, त्यातल्या आठ दोनशिक्षकी. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

महाराष्ट्रात १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि खेड्यापाड्यातल्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. आज राज्यात ३४ जिल्हा परिषदा आहेत. वरून खाली उतरंड अशी: मुख्य कार्यकारी अधिकारी, शिक्षणाधिकारी, तालुक्याला पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, बीटाला म्हणजे तालुक्याच्या एका भागाला विस्तार अधिकारी, मग आम्ही केंद्रप्रमुख आणि शेवटी मुख्याध्यापक. शेजारी लोकांनी निवडून दिलेल्या सदस्यांची शिक्षण समिती आणि तिचे सभापती असतात. पण मार्च २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं प्रशासकांनीच कारभार पाहिला. गळक्या वर्गखोलीची तक्रार घेऊन गाव पूर्वी आपल्या सदस्याच्या दारात जायचं. त्या वर्षांत ते दारच बंद होतं, आणि याचा फटका आम्हाला फार बसला.

पाटीवर नाव जिल्हा परिषदेचं असलं तरी हातात धरायच्या दोऱ्या वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. शिक्षकाचा पगार राज्य सरकारचा. भरती पवित्र पोर्टलवरून, तीही राज्याचीच. पुस्तकं बालभारतीची. अनुदान समग्र शिक्षा या योजनेचं, त्यात ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा. पोषण आहाराचा तांदूळ केंद्राचा. खोली बांधायची तर जिल्हा नियोजनचा निधी, आणि पाण्याची टाकी किंवा शौचालय हवं असेल तर ग्रामपंचायतीला विनवणी. शाळेच्या स्वतःच्या हातात उरतं ते संयुक्त शाळा अनुदान: पट, म्हणजे नोंदलेली मुलं, ३० पर्यंत असेल तर वर्षाला १० हजार रुपये, ३१ ते १०० असेल तर २५ हजार. खडू, फळ्याचा रंग, झाडू, किरकोळ दुरुस्ती, वीजबिल, सगळं त्यातच. हे पैसे माझ्या अनुभवात अनेकदा मार्च तोंडावर आल्यावर खात्यात पडतात आणि ३१ तारखेच्या आत खर्ची टाकायचे असतात. जूनमध्ये फुटलेला नळ शिक्षकाने तोवर पदरचे पैसे घालून बसवलेला असतो.

यातली एक दोरी मात्र तुमच्या हातात येऊ शकते, ती शाळा व्यवस्थापन समितीची. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ही समिती आली. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या महिला हव्यात. अनुदानाचा खर्च तिच्या ठरावाने होतो. २०२४ मध्ये गणवेशाची खरेदी समितीकडून काढून राज्य पातळीवर नेली, तेव्हा मुलं कित्येक महिने जुन्या कपड्यांत आली. डिसेंबर २०२४ मध्ये ते काम पुन्हा समितीकडे द्यावं लागलं. गावातल्या शिंप्याला कोणाचं माप काय ते ठाऊक असतं, राजधानीतून ते कसं कळणार?

आता शिक्षकांबद्दल, कारण खरी गोम इथेच आहे. कायद्याने ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे पट १९ असो की ५५, वर्ग चार आणि माणसं दोन. त्यातला एक प्रशिक्षणाला, बैठकीला किंवा मतदार यादीच्या कामाला गेला की दुसऱ्यावर चारही वर्ग. वर ऑनलाइन माहिती भरायची: शाळेची यूडायसवर, मुलांची सरलवर, पगाराची शालार्थवर, शिवाय पोषण आहाराची रोजची नोंद. रेंज नसलेल्या गावात आमचे एक गुरुजी हातात मोबाईल धरून देवळाच्या टेकडीवर चढतात, तेव्हा कुठे आहाराचा आकडा वर जातो. तेवढा वेळ वर्ग एकटा. मला याचा मनापासून राग येतो.

गेल्या पावसाळ्यात मी न सांगता एका शाळेत गेले. पट १९. गुरुजी आधारच्या कामासाठी तालुक्याला गेलेले, बाई एकट्या. पहिलीची मुलं जमिनीवर चिंचोके मांडून दहा-दहाचे गट करत होती. चौथीतली दोघं दुसरीच्या मुलांना गोष्ट वाचून दाखवत होती. तिसरीतला एक मुलगा बाईंसमोर ओळीखाली बोट धरून वाचत होता. ‘समुद्र’पाशी अडला. ‘समु’ म्हणाला आणि गप्प. बाईंनी शब्द सांगितला नाही, नुसतं त्याच्याकडे बघत राहिल्या. शेजारून दुसरीतल्या एका मुलीने ओठांतल्या ओठांत ‘द्र’ म्हटलं, तसा त्याने तिच्याकडे रागाने पाहिलं आणि अख्खा शब्द मोठ्याने वाचला. बाई म्हणाल्या, ‘आता पुढचं वाक्य.’ त्या खोलीचं छत दोन ठिकाणी गळत होतं आणि खाली बादल्या लावलेल्या होत्या. तरी माझ्या ११ शाळांत मी ती शाळा वरच्या दोन-तीनांत धरते.

दर्जाचं चित्र राज्याराज्यात आणि शाळाशाळांत बदलतं. देशभरातल्या ग्रामीण मुलांची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालात सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये हेच प्रमाण १६.३ होतं. २०२२ ला तिसरीत असलेल्या मुलांची पहिली-दुसरी कोरोनाच्या बंदीत गेली होती, तेव्हा तो कमी आकडा समजतो आणि पुढची चढणही समजते. पण तिसरीच्या चारातल्या तीन मुलांना अजून दुसरीचा मजकूर वाचता येत नाही, हे मी लपवणार नाही. खाजगी शाळांचे आकडे बरे दिसतात. मात्र त्या घरांत वाचणारे आईबाप आणि शिकवणीचे पैसे जास्त असतात, हेही सोबत धरा.

आणि याच व्यवस्थेतून फार मोठं कामही उभं राहिलंय. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटात विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी ४० च्या आसपास शाळांतल्या शिक्षकांना बरोबर घेऊन ज्ञानरचनावादी पद्धत, म्हणजे मूल स्वतः करून अनुभवातून शिकतं ती, रुजवली. जमिनीवरची अक्षरांची आणि संख्यांची रेखाटनं तिथून राज्यभर पोचली. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयाच्या काळात शिक्षक गाड्या करून ते बीट बघायला जात होते. मीही गेले होते. मला तिथे साहित्यापेक्षा एक गोष्ट जास्त भावली: वर्गात येणाऱ्या अधिकारी बाईंना मुलं घाबरत नव्हती, त्यांना हाताला धरून आपली वही दाखवायला नेत होती. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. शिरूर तालुक्यातली वाबळेवाडीची शाळा गावाने आणि दत्तात्रय वारे गुरुजींनी मिळून नावारूपाला आणली. तेच गुरुजी पुढे खेड तालुक्यात जालिंदरनगरच्या पट अगदी मोजका उरलेल्या शाळेत गेले, आणि तिला २०२५ मध्ये जागतिक स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. पगार तोच, पुस्तकं तीच, अनुदानही तेच.

म्हणून तुमच्या मुलीसाठी जिल्ह्याचा क्रमांक बघू नका. त्या दोन शिक्षकांकडे बघा, आणि ते किती वर्षं तिथे राहणार आहेत ते विचारा. २०१७ पासून बदल्या ऑनलाइन होतात. त्याने वशिला बराच कमी झाला, हे मी मोकळ्या मनाने सांगते, कारण पूर्वीचे दिवस मी पाहिलेत. पण अवघड क्षेत्रातल्या, म्हणजे दुर्गम ठरवलेल्या गावातल्या शाळेत तीन वर्षं झाली की शिक्षकाला बदलीचा हक्क मिळतो, आणि मुलांची भाषा नुकती कळायला लागलेली असताना तो निघून जातो. घर लांब, म्हातारे आईवडील, स्वतःची मुलं. त्यालाही दोष देता येत नाही.

आमचा पट घटण्यामागे इंग्रजी शाळेची पिवळी बस आहेच, पण काही घाव वरूनही बसले. शिष्यवृत्ती परीक्षा २०१६-१७ पासून चौथीऐवजी पाचवीत गेली. आमच्या बहुतेक शाळा चौथीला संपतात, त्यामुळे जी परीक्षा दाखवून आम्ही पालकांना थांबवायचो तीच हातातून गेली. २०२५ मध्ये सरकारने ती पुन्हा चौथी-सातवीत आणायचा निर्णय घेतला, ते फार बरं झालं. इंग्रजीची काळजी असेल तर सांगते: २००० सालापासून मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी विषय आहे, आणि बऱ्याच ठिकाणी सेमी-इंग्रजीही आहे, म्हणजे गणित-विज्ञानासारखे विषय इंग्रजीतून.

गावी गेलात की एखाद्या सोमवारी साडेदहाच्या सुमारास शाळेत जा. तिसरीतल्या कुठल्याही मुलाला, पहिल्या बाकावरच्या नव्हे, पुस्तकातला न शिकवलेला परिच्छेद वाचायला सांगा. मुलं तुमच्याशी आपणहून बोलतात का, ते पाहा. दुपारपर्यंत थांबा. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्याचा आहार ठरलेला आहे, आणि तो वाढण्याआधी शिक्षकांनी किंवा पालकांनी चाखून चवीच्या नोंदवहीत सही करायची असते. ती वही मागा. खिचडी शिजवणाऱ्या ताईंशीही बोला. महिना २५०० रुपये मानधनावर काम करणाऱ्या त्या बाईला कुठलं मूल उपाशी येतं आणि कुठले गुरुजी उशिरा येतात, सगळं माहीत असतं. व्यवस्थापन समितीची शेवटची सभा कधी झाली तेही विचारा. चौथीनंतर पाचवी कुठे आहे आणि पावसाळ्यात ओढा आडवा येतो का, याची चौकशी आत्ताच करून ठेवा, कारण मुलींची शाळा तिथे सुटते.

मूल वाचत असेल, बोलत असेल, तर बिनधास्त घाला. वाचत नसेल आणि शिक्षकांना त्याची खंत असेल तरी घाला, समितीत या आणि संध्याकाळचा अर्धा तास गावातल्या पोरांना वाचायला बसवा. शिक्षकांना खंतच नसेल तर शेजारच्या वाडीची शाळा बघा, तीही आमचीच आहे.

दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश कुणी अडवू शकत नाही, कायद्यात तशी तरतूद आहे. पण पुण्याच्या शाळेला सांगून मुलीचं नाव ऑनलाइन नोंदीतून नव्या शाळेकडे पाठवायला लावा, आणि आधारवरचं नाव जन्मदाखल्याशी अक्षरन्‌अक्षर जुळतंय का बघा. शिक्षकांची पदं ३० सप्टेंबरच्या पटावरून ठरतात, आणि नाव जुळलं नाही तर मूल वर्गात बसलेलं असूनही त्या मोजणीत सुटतं. मी गेल्या सप्टेंबरात अशा चार मुलांच्या घरी जाऊन कागद गोळा केले होते.