पास्टरसाहेब, प्लॉट आत्ता नको, आधी निपाणीचं सोनं सोडवून आणा

नाव-गाव नको म्हणालात, नाही लिहीत. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. खानापूर तालुक्यातल्या छोट्या स्वतंत्र मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळक, वय ४९, दानार्पणातून महिन्याला १८-२० हजार, राहतं घर मंडळीचं, मुलगी बेळगावात नर्सिंगला. वडिलांच्या जमिनीच्या वाटणीचे साडेतीन लाख आलेत, त्यातून बेळगावबाहेर प्लॉटला ॲडव्हान्स देऊ का, असा प्रश्न. पण खरी गोष्ट मेलच्या शेवटच्या चार ओळीत होती, की वहिनींचं सोनं निपाणीला खाजगी फायनान्सकडे २ लाख ४० हजाराला गहाण आहे आणि मंडळीच्या बांधकाम फंडातले ६० हजार घरात खर्च झालेत.

निपाणीच का, तर खानापुरात बँकेच्या लाईनीत मंडळीतलं कोणी बघेल म्हणून. आता हिशोब बघा. महिना २ टक्के म्हणजे वर्षाला ५७,६०० व्याज. तेच सोनं बँकेत ठेवलं असतं तर १० टक्क्याच्या आसपास धरून २४ हजार. म्हणजे कोणाला कळू नये यासाठी तुम्ही वर्षाला ३३,६०० भरताय, आणि ते घरच्या खर्चाच्या कुठल्या वहीत दिसत नाहीत.

म्हणून पहिले ६० हजार फंडात परत, याच आठवड्यात, सोन्याच्याही आधी. आणि नुसते गुपचूप भरू नका, मंडळीतल्या दोन वडीलधाऱ्यांना बसवून सांगा की घेतले होते आणि परत केले. अवघड आहे, माहीत आहे मला, पण फंड तुमच्या स्वतःच्या खात्यात आहे तोवर हे पुन्हा होणारच, तुम्ही वाईट आहात म्हणून नाही, फी भरायची तारीख आली की हात तिकडेच जातो म्हणून. मंडळीच्या नावाचं खातं, दोन सह्या. ट्रस्ट किंवा सोसायटी रजिस्टर नसेल तर आधी ते करून घ्या.

मग सोनं सोडवा. उरतील ५० हजार, ते हात न लावता एफडीत ठेवा. मुलीच्या फीसाठी परत सोनं काढू नका, शैक्षणिक कर्जाला ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि हप्ता कोर्स संपून वर्षभरानं सुरू होतो. राज्याच्या अल्पसंख्याक विकास महामंडळाची अरिवु ही शैक्षणिक कर्जाची योजना आहे, तिच्या कोर्सला बसते का तेही विचारून या.

प्लॉटमागची भीती मला समजते. सेवा थांबली की घर सोडायचं, नवीन पाळक येणार, आपण कुठं जायचं. पीएफ नाही, पेन्शन नाही. पण हीच भीती प्लॉटवाल्यांना बरोबर कळते. हप्त्यावर देतो म्हणणाऱ्याकडे एनए (बिगरशेती) ऑर्डर, बुडाचा (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचा) मंजूर लेआउट, ई-खाता (मालमत्तेची सरकारी ऑनलाईन नोंद) मागा की, बॉन्डपेपरवर काम भागतंय म्हणाला तर उठून या. कागद कन्नडमध्ये असणार, वकिलाकडून वाचून घेतल्याशिवाय सही नको.

सोनं सुटल्यावर महिन्याला ४,८०० मोकळे होतात. अटल पेन्शनला तुमचं वय बसत नाही, ४० च्या आत लागतं, पण वहिनी ३९ च्या आहेत, महिना १,३१८ भरले की साठीनंतर त्यांना ५ हजार पेन्शन. हे यावर्षीच करा, वय वाढलं की हप्ता वाढतो. तुम्ही स्वतः ५० पूर्ण व्हायच्या आत सरकारचा जीवन ज्योती विमा घ्या, वर्षाला ४३६ रुपयात २ लाखांचं कव्हर. उरलेले पीपीएफमध्ये, तो १५ वर्षांचा असतो, म्हणजे तुमच्या ६४-६५ ला हातात.

पगार ठरवून मागायला लाज वाटते असं लिहिलंय. कामकरी मजुरीला योग्य आहे हे पौलानं तीमथ्याला लिहिलंय, ते तुम्ही मला शिकवायचं, मी तुम्हाला नाही. दर महिन्याची ठरलेली रक्कम मंडळीच्या ठरावात लिहून घ्या, कोणाच्या लग्नाला बाराशेचं पाकीट द्यायचं की नाही हेही मग त्या आकड्यावरून ठरेल.

आणि दोन महिने झोप नाही, गोळी वहिनींपासून लपवून घेताय, त्याला माझ्याकडं स्कीम नाही. कर्जात बुडालेला प्रत्येकजण तुमच्याकडं प्रार्थनेला येतो, तुम्ही कोणाकडं जाणार? टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं, नाव सांगायची जबरदस्ती नाही. आज लावा, आणि डॉक्टरला गोळीचं खरं सांगा.

ॲडव्हान्स दिला नसेल तर प्लॉटवाल्याला फोन करून मार्चनंतर बघू म्हणा. दिला असेल तर पावती पाठवा, परत मिळतो का बघू.