हायड्रोजन गळला तर? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

हायड्रोजन जाळला की नुसतं पाणी तयार होतं. मग त्याने हवामान कसं बिघडेल? (नाशिक)

जळलेल्याचा नव्हे, न जळता निसटलेल्या हायड्रोजनचा प्रश्न आहे. तो स्वतः उष्णता अडवत नाही. पण उष्णता अडवणाऱ्या मिथेन वायूचा हवेतला निचरा मुख्यतः हायड्रॉक्सिल मूलकं (हवेतले ऑक्सिजन-हायड्रोजनचे अतिक्रियाशील कण) करतात, आणि हायड्रोजन तीच खर्च करतो. मिथेन मग जास्त काळ टिकतो. शिवाय वातावरणाच्या खालच्या थरात ओझोन वाढतो, त्यावरच्या थरात, म्हणजे स्थितांबरात, पाण्याची वाफ; ही दोन्हीही उष्णता अडवतात. नॉर्वेच्या सिसेरो संस्थेच्या पुढाकाराने 2023 साली झालेल्या अभ्यासानुसार, 100 वर्षांच्या हिशेबात, म्हणजे तेवढ्या काळातला एकूण परिणाम धरला तर, एक किलो हायड्रोजन सुमारे 11.6 किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापदायक ठरतो. 20 वर्षांच्या हिशेबात तोच आकडा सुमारे 37 होतो.

म्हणजे हिरव्या (अक्षय विजेने पाण्यातून काढलेल्या) हायड्रोजनचा सगळा फायदा गळतीतच जाणार? (पुणे)

नाही. आकडेच मांडू. एका किलो हायड्रोजनमध्ये सुमारे 2.8 किलो डिझेलइतकी ऊर्जा असते आणि तेवढं डिझेल जाळल्यावर साधारण 9 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. किलोमागे 10 ग्रॅम गळाला, तर 100 वर्षांच्या हिशेबात या नऊ किलोंतले 0.12 किलो वाया गेले, फार नाही. पण 100 ग्रॅम गळाला आणि हिशेब 20 वर्षांचा धरला, तर 3.7 किलो गेले! मला दुसरा हिशेब जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तापमानवाढ आवरायची आहे ती याच दोन-तीन दशकांत. नैसर्गिक वायूपासून केलेल्या 'निळ्या' हायड्रोजनला मिथेनची गळतीही जोडावी लागते.

जमीन हायड्रोजन शोषून घेते ना? (कोल्हापूर)

घेते. हवेतून जाणाऱ्या हायड्रोजनपैकी सुमारे 70 ते 80 टक्के मातीतले जिवाणू खातात. वरच्या आकड्यांत ते आधीच धरलेलं आहे.

आमच्याजवळ थळला खत कारखाना आहे. गळती नेमकी होते कुठे? (अलिबाग)

खत कारखान्यात हायड्रोजन तयार होतो तिथेच अमोनियासाठी वापरला जातो. वाहतूक टळते, साठवण कमी लागते. म्हणून हिरवा हायड्रोजन आधी अशाच कारखान्यांना मिळावा, असं माझं ठाम मत आहे. गळतीची खरी ठिकाणं म्हणजे इलेक्ट्रोलायझरमधून (विजेने पाण्यातून हायड्रोजन वेगळा काढणाऱ्या यंत्रातून) मुद्दाम बाहेर सोडलेला वायू, उणे 253 अंशांवर द्रवरूपात ठेवलेल्या टाक्यांतून उडून जाणारी वाफ आणि लांबलचक पाइपलाइनचे जोड. सुरतजवळच्या कवासला 2023 मध्ये घरगुती पाइप गॅसमध्ये हायड्रोजन मिसळायला सुरुवात झाली. मला हा मार्ग पटत नाही. घरोघरचे जोड वाढतात, आणि हायड्रोजनची ऊर्जा आकारमानाने नैसर्गिक वायूच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीच असल्याने 5 टक्के मिसळून जेमतेम दीड टक्का गॅस वाचतो.

गळती मोजता येते का? (नागपूर)

येते, पण आज बहुतेक ठिकाणी असलेल्या उपकरणांनी नाही. मिथेन टिपणाऱ्या इन्फ्रारेड कॅमेऱ्यांना हायड्रोजन दिसतच नाही. सुरक्षेसाठीचे सेन्सर स्फोट टाळायला बसवलेले असतात. हवेत 4 टक्के हायड्रोजन झाला की तो पेट घेऊ शकतो, त्याच्या बरंच आधी ते वाजतात. हवामानाच्या हिशेबाला मात्र त्याहून कितीतरी बारीक गळती पकडावी लागते. भारताचं लक्ष्य 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन हिरव्या हायड्रोजनचं आहे. त्यातला एक टक्का म्हणजे 50 हजार टन. सरकारी अनुदान घेणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाला ही मोजणी आणि तिचे आकडे जाहीर करणं पहिल्या दिवसापासून सक्तीचं हवं.