आईने दिलेलं लोणचं, तूप विमानात हँडबॅगेत नेता येईल का? (पुण्याहून दुबई)

नाही. सिक्युरिटीच्या दृष्टीने तूप आणि तेलातलं लोणचं हे द्रवच. आंतरराष्ट्रीय प्रवासात एका डबीची मर्यादा 100 मिली. डबी अर्धी रिकामी असली तरी मोजतात तिचा आकार, आतला माल नाही! माझी अर्धी भरलेली 200 मिलीची तुपाची बाटली अशीच गेली. हा नियम 2006 च्या लंडनमधल्या, द्रव स्फोटकांनी विमानं उडवण्याच्या कटानंतर आला, आणि आजीच्या बरणीला तो अजून भोवतोय.

सरळ चेक-इन बॅगेत टाका. झाकणाखाली प्लास्टिक लावा, बरणीला दोन पिशव्या, वर जुना टॉवेल.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र कुठेच नकोत. खोबऱ्यात तेल भरपूर, ते आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून विमानात धोकादायक माल धरतात. पॉवर बँकेचं उलटं: ती चेक-इनमध्ये चालत नाही, हँडबॅगेतच हवी.

हँडबॅगेच्या वजनाचं म्हणाल तर इकॉनॉमीत बहुतेक ठिकाणी 7 किलो. काटा घरीच लावा. काउंटरवर बॅग उघडून चकल्या इकडून तिकडे करताना मागची रांग जे बघते ना, नको ते!